गयाकाकू आणि लिंबाची काडी

गयाकाकू माणसाचा चेहरा बघायच्या नाहीत, नाक बघायच्या. म्हणजे बाईमाणसाचं. पुरुषांच्या नाकाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. बोरीच्या शाळेत माझी बदली झाली आणि खोली बघायला म्हणून मी त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्या अंगणातल्या कडुलिंबाखाली भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. कोण, कुठल्या, घरचे कुठं असतात, यातलं काहीएक विचारलं नाही. मान वर करून माझ्या नाकाकडं रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्याडम, तुमची फिरकी ढिली हाय. शिंक आली की जाईल बगा."

मला रागच आला. परभणीसारख्या ठिकाणाहून आलेली शिक्षिका मी, आणि ही बाई ओळख ना पाळख, माझ्या नाकाबद्दल बोलते! पण खोली हवेशीर होती, दारात लिंबाची सावली होती, म्हणून गिळून टाकलं. त्याच आठवड्यात सातवीच्या वर्गात फळा पुसताना खडूची भुकटी नाकात गेली, दणकून शिंक आली आणि चमकीच्या आतल्या बाजूची फिरकी उडाली ती उडालीच. सगळा वर्ग बाकाखाली शिरला. पोरांना फिरकी सापडली नाही, पण गणिताचा तास बुडाल्याचा आनंद मात्र भरपूर सापडला.

मी नाकावर रुमाल दाबून घरी आले. आता ही बाई हसणार, असं गृहीतच धरलं होतं. काकू हसल्या नाहीत. "मी म्हणलं नव्हतं का," असंही म्हणाल्या नाहीत. "आदी हात धुवा साबणानं, आन् इथं उजेडात बसा," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मी त्यांच्या घरची झाले. खोली नावापुरती भाड्याची उरली.

घरात माणसं मोजकी. काका जिंतूरच्या एका शाळेत कारकून होते, आता निवृत्त. बोलायचे इतकं कमी की पहिले काही दिवस मला वाटलं, त्यांना ऐकू येत नसावं. मुलगा संजय दुचाकी दुरुस्तीचं दुकान चालवायचा. सून रेखा, माहेर झरीचं, सासूला आत्या म्हणायची आणि शिलाई मशीनवर गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी शिवायची. आणि काकू. काकू भाकऱ्या करायच्या, शेंगा फोडायच्या आणि बायकांच्या नाकातले दागिने काढायच्या.

दागिने घालायला सोनार आहे. टोचायला हल्ली परभणीच्या दुकानात बंदुकीसारखं यंत्र आलंय. पण काढायला? रुतून बसलेली, सुजलेल्या नाकपुडीत अडकलेली, फिरकी गंजलेली, वर्षानुवर्षं न हललेली चमकी काढायला बोरीत आणि आसपासच्या खेड्यांत गयाकाकूंचंच नाव होतं. एक पितळेची वाटी, खोबरेल तेल, कापूस, मीठ घातलेलं कोमट पाणी आणि एक पांढरं स्वच्छ फडकं, एवढाच त्यांचा दवाखाना. फडकं बाईच्या मांडीवर पसरायच्या, म्हणजे फिरकी पडली तर दिसेल. कापसाची वात करून नाकपुडीत वरच्या अंगाला बसवायच्या, म्हणजे फिरकी निसटून आत ओढली जायची नाही. कोमट पाण्याच्या घड्या ठेवून खपली भिजू द्यायच्या. ही भिजण्याची वाट बघणं हेच निम्मं काम, असं त्यांचं म्हणणं. मग तेलाचा थेंब, आणि बाहेरचा खडा एका हातानं पक्का धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं आतली फिरकी सैल करायची. आकड्याची असेल तर तार जशी वळलीय तशीच फिरवत बाहेर आणायची, ओढायची नाही. त्यांची बोटं आखूड, जाड, भाकरी थापून थापून चपटी झालेली. नखं मात्र अगदी बुडापासून कापलेली. त्यांना साऱ्या जन्मात मिरवावंसं वाटलेलं एवढं एकच.

आणि एक वाक्य ठरलेलं. बाई लहान असो, म्हातारी असो, रडत असो, काकू तिची हनुवटी धरून हलक्या आवाजात म्हणायच्या, "तोंडानं श्वास घे, माय. नाक माझ्याकडं दे."

या वाक्यानं माणूस खरंच सैल पडायचं. माझी चमकी काढताना मीही पडले होते.

एकदा पलीकडच्या गल्लीतली एक बाई कॉलेजात जाणाऱ्या लेकीला ओढतच घेऊन आली. पोरीनं हौसेनं नाक टोचलं होतं आणि ते लालबुंद सुजलं होतं. आईनं घरी आधी पकडीनं ओढून बघितलं होतं. ती पक्कड अजून तिच्या हातातच होती. काकूंनी पोरीकडं न बघता पहिल्यांदा आईच्या हातातली पक्कड घेतली, स्वतःच्या मांडीखाली ठेवली आणि वर ऐसपैस बसल्या. मग पोरीचं नाक उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं.

"हे माझं काम न्हाई. ह्याच्यात पू झालाय. दवाखान्यात ने."

"काकू, तुमच्याकडं म्हून तर आलो इतक्या उन्हाचं!"

"माझ्याकडं आलीस म्हून तर सांगायले. आत्ता चमकी काढली तर वरून भोक बुजंल आन् घाण आतच राहील. डाक्टर औषध देतील, मग काढायची का ठेवायची ते बी त्येच सांगतील. ऊठ, येष्टी जाईल."

बाई उठली, पण पक्कड मागायचा तिला धीर होईना. काकूही देईनात. शेवटी काका ओसरीवरून म्हणाले, "अगं, पक्कड दे तिची." त्या महिन्यात काकांच्या तोंडून मी ऐकलेलं ते बहुधा पहिलं पूर्ण वाक्य असावं.

काकूंचं खरं काम मात्र वेगळंच होतं. गावातली कुठलीही बाई ऑपरेशनला निघाली की आधी काकूंकडं यायची. दवाखान्यात अंगावर दागिना चालत नाही, आणि तिथं घाईत कुणीतरी ओढून काढण्यापेक्षा घरीच नीट काढलेली बरी. काकू चमकी काढून त्या बाईच्याच लेकीच्या नाहीतर सुनेच्या पदराला बांधायच्या. मग उठून लिंबाच्या पानाची एक कोवळी काडी तोडायच्या, सोलायच्या, तेलात बुडवायच्या आणि रिकाम्या भोकात सारून दोन्हीकडून नखाएवढी ठेवून मोडायच्या. भोक बुजू नये म्हणून. आणि म्हणायच्या, "आल्यावर मीच घालीन."

हळूहळू गावात असं झालं की काडी म्हणजे परत यायचा शब्द. गयाबाईची काडी नाकात घेऊन गेलेली बाई परत येतेच, अशी बोलवा. सगळ्याच आल्या असं नाही, हे काकूंनाही ठाऊक होतं. पण कुणी आली की रिक्षातूनच ओरडायची, "गयाबाई, तेल काढा!" आणि काकू हातातलं पीठ तसंच टाकून वाटी शोधायला लागायच्या. त्या वेळचा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. नव्या नवरीच्या आईसारखी लगबग.

दुसऱ्या एका प्रसंगीही त्यांना बोलावणं यायचं. किंवा बोलावणं न येताच त्या जायच्या. गावात कुणाचा नवरा गेला की काकू हातातलं काम सोडून पितळेची वाटी पदराखाली घ्यायच्या, "मी येईस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई," असा निरोप पुढं धाडायच्या आणि त्याच्या बायकोच्या नाकातलं उतरवायला निघायच्या. मी एकदा चिडून विचारलं, "काकू, तुम्ही कशाला जाता असल्या कामाला? ही पद्धतच मोडायला पाहिजे. आता तर गावोगाव ठराव करायलेत."

"करा की ठराव. मयताच्या घरी ठराव कोण वाचायलंय, म्याडम?" त्या शेंगा फोडत राहिल्या. मग आपणहूनच बोलायला लागल्या.

त्यांचं माहेर येलदरीचं. वडील गेले तेव्हा काकू परकरात होत्या. बायका जमल्या, त्यांना सगळं उरकायची घाई. कुणी बांगड्या फोडायला घेतल्या, कुणी गळ्याला हात घातला, आणि एकीनं आईच्या नाकातला दागिना आकडा न सोडवता ओढला. नाकपुडी कडेपर्यंत फाटली.

"रगत गळ्यापस्तोर आलं. कुणाला त्येचं काई वाटलं न्हाई, म्हणले आता कुठं हिला नाकाचं काम हाय." काकूंनी शेंगेची टरफलं झाडली. "ती फट तशीच राहिली. हसली की उघडायची. म्हून माय हसायचीच न्हाई पुन्हा. मला तिचं हसणं आठवतच न्हाई बगा."

मी एक शेंग उचलली आणि फोडायला लागले.

"बांगड्या फोडू नका, असं म्हणायची ताकद मह्यात न्हाई. कोण ऐकंल महं? पण रगत निघू देणार न्हाई, एवढं तर मह्या हातात हाय."

आणि त्या बायकांच्याही नाकात काकू काडी घालायच्या. सगळ्यांच्या देखत, पण कुणाच्या लक्षात येऊ नये अशी, अगदी आखूड मोडून. कशाला, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांतल्या काही जणींच्या नाकात पुढं वर्षा-दोन वर्षांनी एखादा बारीकसा खडा दिसायला लागायचा. बाजारात तशी बाई भेटली की काकू तिच्याशी काही बोलायच्या नाहीत. नुसतं नाकाकडं बघून पुढं जायच्या. मात्र त्या दिवशी आमच्याकडं शिरा व्हायचा.

या कामाची किंमतही त्यांनी मोजली. दुःखाच्या घरी पहिली जाणारी बाई म्हणून काही घरांत त्यांना हळदीकुंकवाला बोलवायचे नाहीत. स्वतः सवाष्ण, नाकात लग्नातली जुनी आकड्याची मोरणी, कपाळावर मोठं कुंकू, पण आमंत्रण नाही. संक्रांतीला शेजारच्या घरी बायकांची ये-जा चाललेली असायची आणि काकू आपल्या अंगणात लिंबाचा पाला झाडत असायच्या. "पाला लय पडायलाय," एवढंच म्हणायच्या. मला त्या बायकांचा फार राग यायचा. अजून येतो.

मग संजय गेला.

जिंतूर रस्त्यावर एका ट्रकनं त्याच्या गाडीला मागून उडवलं. सकाळी दुकानात जातो म्हणून निघालेला मुलगा दुपारी पांढऱ्या कापडात घरी आला. त्यापलीकडं मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

अंगण माणसांनी भरलं. काकू लेकाच्या उशाशी बसल्या होत्या, त्याच्या केसांतली धूळ बोटांनी काढत. रेखा भिंतीला टेकून बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. बायका तिच्याभोवती जमायला लागल्या. काकांची थोरली बहीण पारूबाई पुढं झाल्या आणि त्यांनी रेखाच्या नाकाकडं हात नेला.

"मी येईस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई."

सगळ्या गावानं दुसऱ्यांच्या घरी ऐकलेलं वाक्य काकूंनी स्वतःच्या घरात म्हटलं. उठल्या. हौदावर जाऊन साबणानं हात धुतले. पाणी कोमट केलं, त्यात मीठ टाकलं. पांढरं फडकं आणलं. लोक बघत होते, पलीकडं लेक पडला होता, आणि ही बाई खपली भिजायची वाट बघत सुनेच्या समोर बसली होती.

"तोंडानं श्वास घे, रेखा. नाक माझ्याकडं दे."

त्यांचा हात जराही हलला नाही. मी जवळच होते, मी पाहिलं. चमकी निघाली. काकू उठून लिंबाखाली गेल्या, काडी आणली, सोलली, तेलात बुडवून रेखाच्या नाकात सारली.

पारूबाई म्हणाल्या, "गया, लेक गेला तुहा. आन् काड्या कशाला घालायलीस तिला? आता काय राह्यलं?"

काकूंनी काडी दोन्हीकडून मोडली. त्या परत संजयच्या उशाशी जाऊन बसल्या, आणि मग जो आवाज त्यांच्या तोंडून निघाला तो मला कधी विसरता येणार नाही.

त्या संध्याकाळीच रेखानं नाकातली काडी ओढून चुलीत टाकली. काकूंच्या समोर. तिची चमकीही तिनं पुढं संजयच्या राखेबरोबर पूर्णेत सोडून दिली. झरीहून तिचा भाऊ न्यायला आला, तर गेली नाही. "मी हितंच बरी हाय," म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. दिवसभर खटखट खटखट. दुसऱ्यांच्या रंगीत पोलक्यांवर मान खाली घालून ती असायची. नाक मोकळं.

काकू तिला काही बोलल्या नाहीत. फक्त रोज सकाळी झाडलोट झाली की लिंबाची एक कोवळी काडी तोडायच्या, सोलायच्या आणि रेखा जिथं केस विंचरते त्या आरशाच्या फळीवर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी फळी रिकामी असायची. काकू नवीन काडी ठेवायच्या. पावसाळा गेला, थंडी गेली, लिंबाला मोहर येऊन गेला, तरी हे चालूच.

शेवटी मीच म्हणाले, "काकू, ती फेकून देते. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

"फेकू द्या. लिंबाला काय कमी हाय?"

"एव्हाना बुजलंही असेल."

"बुजलं असंल," त्या म्हणाल्या. "कोवळं भोक लवकर बुजतं, जुनं सावकाश बुजतं. पण बुजतंच." मग माझ्याकडं न बघता, "म्याडम, मला काशी नको, रामेश्वर नको. मी मरायच्या आत तिच्या नाकात काईतरी चमकलं पाहिजे. बारीक का हुईना. तेवढं बगून जाईन."

पण रेखाच्या चेहऱ्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. जगाची नाकं हातात घेणाऱ्या या बाईला एका नाकाला हात लावायची भीती वाटत होती. बुजलेलं बोटाला लागलं असतं तर काय करायचं, ही भीती. मला ती कळत होती. म्हणून मीही पुढं कधी विषय काढला नाही.

मग काकूंचंच पोट दुखायला लागलं. दुखणं त्यांनी पुष्कळ दिवस लपवलं, जेवण कमी झालं तरी "भूक न्हाई" म्हणत राहिल्या. नांदेडला दाखवलं. पोटात गाठ निघाली. मोठ्या मशीनमध्ये तपासणी, मग ऑपरेशन. अंगावरचा सगळा धातू घरूनच काढून या, असं सांगितलं. बांगड्या, जोडवी, गळ्यातलं सहज निघालं. राहिली नाकातली मोरणी. लग्नात घातली ती कधी हलली नव्हती.

निघायच्या सकाळी जीप दारात उभी होती. काका पिशवी घेऊन उंबऱ्यात. काकू लिंबाखाली बाजेवर बसल्या आणि त्यांनी हाक मारली, "रेखा, वाटी आण."

रेखा वाटी घेऊन आली आणि तिथंच थबकली. "आत्या, मला न्हाई जमणार."

"मला महं नाक दिसत न्हाई, बाई. नाहीतर मीच काढली असती. हात धुतले का?"

रेखानं हात धुतले. फडकं पसरलं, कापूस बसवला, कोमट पाण्याची घडी ठेवली. तिला काही सांगावं लागत नव्हतं, आणि तरी काकू एकेक सांगत होत्या. कुणाला तरी हे सगळं सोपवून जायचं असल्यासारखं. "घाई करू नको, भिजू दे. आता तेल. आकडा हाय, वरच्या अंगाला वळलाय, बोटानं वाट बग त्येची. वढू नको. जशी आत गेली तशीच भाईर ईल."

"आत्या, तोंडानं श्वास घ्या," रेखा म्हणाली.

काकू हसल्या. तोंड उघडून श्वास घेतला. आकडा हळूच फिरला आणि जुनी मोरणी रेखाच्या तळहातावर आली. काकूंचा चेहरा एकदम ओळखू येईना. नाकावर एक फिकट ठिपका, तेवढाच इतक्या वर्षांत ऊन न लागलेला.

रेखानं काडी तयारच ठेवली होती, सोललेली, तेलात बुडवलेली. ती पुढं केली तसं काकूंनी तिचा हात धरला.

"मला नको काडी."

जीपच्या ड्रायव्हरनंही वळून बघितलं. बोरीत काडीचा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक.

"अशी कशी नको? आल्यावर मीच घालीन की," रेखा घाईघाईनं म्हणाली. "बुजंल ना भोक."

"महं बुजू दे. त्येचं काई न्हाई मला." काकू तिच्याकडं बघत राहिल्या. मग इतके दिवस टाळलेला तो हात त्यांनी उचलला, रेखाची हनुवटी धरली आणि अंगठा तिच्या नाकपुडीवर टेकवला. "तुहं बुजलं का गं?"

रेखानं मान खाली घातली. काकूंचा अंगठा तसाच. मला वाटलं, कशाला विचारलं यांनी, निदान जाताना तरी नको होतं.

"न्हाई बुजलं, आत्या."

"काय?"

"रोज घालतेय. रातच्याला. सकाळी काढते."

"कोणती घालतीस?"

"तुमी ठिवता तीच."

मी काकूंना लेकाच्या दिवसानंतर कधी रडताना पाहिलं नव्हतं. आता डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्याच वेळी त्या रेखाच्या तळहातावरची मोरणी उचलून तेलात बुडवत होत्या. "बस खाली. तोंडानं श्वास घे." मोरणी अशी सहज आत गेली की रेखानं पापणीसुद्धा हलवली नाही. काकूंनी तिचा चेहरा उजेडाकडं वळवला, इकडून बघितला, तिकडून बघितला.

"झालं," म्हणाल्या. "चला आता."

जीप निघाली तेव्हा त्या खिडकीतून रेखाकडंच बघत होत्या. कुणालाही हात केला नाही त्यांनी.

ऑपरेशन झालं, पण काकू शुद्धीवर नीट आल्याच नाहीत. काही दिवसांनी तिथंच गेल्या. रुग्णवाहिकेतून त्यांना घरी आणलं, त्याच लिंबाखाली, त्याच बाजेवर. पुन्हा अंगण भरलं. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं आणलं, हळदीकुंकू लावलं, हातात चुडा भरला. ज्यांनी त्यांना कधी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, त्याच बायका आता त्यांच्या कपाळाला कुंकू लावायला पुढं होत होत्या. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि मनातल्या मनात प्रत्येकीला शिव्या देत होते.

पारूबाईंची नजर नाकावर गेली.

"आगं, नाक मोकळं हाय हिचं! सवाष्ण बाई, मोकळ्या नाकानं कशी धाडायची? मोरणी कुठंय?"

मोरणी सगळ्यांना दिसत होती. रेखा पायाशी बसली होती आणि तिच्या नाकात ती चमकत होती.

"तू काढ ती," पारूबाई म्हणाल्या. "तुला कशाला लागती आता? तिची हाय, तिला घाल."

बायकांमध्ये कुजबुज झाली. रेखाचा हात सावकाश वर उठला, नाकापर्यंत आला.

काका ओसरीवरून उतरले. बायकांच्या घोळक्यात ते कधी येत नसत. आज वाट काढत आले आणि बहिणीसमोर उभे राहिले.

"आक्का, ती मोरणी तिच्या सासूनं घातलीय तिला. मह्या डोळ्यांदेखत. जिनं घातली तिनंच काढावी." त्यांनी बाजेकडं बोट केलं. "उठीव तिला. आन् सांग काढाय."

पारूबाई मागं सरल्या. काका तसेच उभे होते.

रेखा उठली. हौदावर गेली. साबणानं हात धुतले. लिंबाची एक कोवळी काडी तोडली, नखानं सोलली, घरातून पितळेची वाटी आणली आणि काडी तेलात बुडवली. मग बाजेशी बसून तिनं काकूंची हनुवटी हातात घेतली, अगदी काकू घ्यायच्या तशी, आणि काडी त्या फिकट ठिपक्यावर टेकवली.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "तोंडानं श्वास घ्या."

सवयीनं म्हणून गेली. आणि तिचा हात तिथंच थांबला. आम्ही सगळ्या बायका काकूंच्या तोंडाकडं बघत राहिलो, त्या श्वास घेतील म्हणून. मग रेखानं काडी आत सारली, दोन्हीकडून नखाएवढी ठेवून मोडली, आणि सासूच्या छातीवर डोकं ठेवलं.